रानात टाकलेला रुमाल

धरणाच्या पाण्यात वल्ही मारत आम्ही नवरा-बायको संध्याकाळी एका अनोळखी रानाच्या काठाला लागलो. माणसाचा मागमूस नव्हता. तरी होडीतून उतरताच बायकोनं पाण्याजवळच्या सपाट जागेवर रुमाल टाकला आणि वर दगड ठेवला.

"सकाळच्या चहाला ही जागा."

"अगं, इथं कोण येतंय बसायला?"

"असू दे. धरलेली बरी."

एसटीच्या खिडकीतून रुमाल टाकण्यात आमचा जन्म गेला. पण या रानात आम्हीच विनातिकीट शिरलोय, हे तंबूत पडल्यापडल्या मला टोचत राहिलं.

सकाळी पाहिलं, तर पाणी प्यायला आलेल्या गव्याच्या खुरांचे ठसे रुमालापर्यंत सरळ आले होते आणि तिथून वळसा घालून गेले होते.

रुमाल झटकून बायको ऐसपैस बसली. म्हणाली, "बघा. गव्याला कळलं."