सीमाच्या पिवळ्या गोळ्या

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, देवापुढे बसून मनातल्या मनातसुद्धा नाही. तुम्हाला सांगते.

आम्ही धुळ्याकडचे. मुलगा इथे उधन्याला कापडाच्या कारखान्यात लूमवर कामाला. त्याचं लग्न झालं, सीमा घरात आली. सरकारी दवाखान्याकडून गल्लीत घरोघरी फिरणाऱ्या आशाबेननं तिला बारीक पिवळ्या गोळ्या दिल्या. "दिवस राहायच्या आधीपासूनच घ्यायच्या. बाळाचा कणा अगदी सुरुवातीलाच बनतो," असं समजावून गेली.

मी हसले. दिवसच गेले नाहीत आणि औषध कसलं? गरम पडेल म्हणत सगळ्या गोळ्या मोरीत टाकल्या. सीमा बघत होती. नवी सून — काय बोलणार?

मुलगी झाली. पाठीवर उघडी जखम घेऊन आली. ऑपरेशन झालं, जगली — पण कमरेखाली जोर नाही. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "गोळ्या घेतल्या होत्या का?" सीमानं माझ्याकडे पाहिलं. आणि मी, मुलाच्या देखत...

"दिल्या होत्या हो. हिनंच खाल्ल्या नाहीत."

सीमानं खाली वाकून बाळाचं दुपटं सारखं केलं. त्यानंतर मुलगा कितीतरी महिने तिच्याशी धड बोलला नाही. शेजारणी तिच्या तोंडावर तिला नावं ठेवायच्या, मी तिथेच भाजी निवडत बसलेली असायची. गोळ्या घेऊनही एखादं मूल असं जन्मतं, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या. तेवढं मी बरोबर धरून ठेवलं. धोका खूप कमी होतो, हेही त्याच म्हणाल्या होत्या — ते?

परवा तांदळाच्या डब्यात हात घातला तर गोळ्या लागल्या. लपवलेल्या. सीमा धावत आली, माझ्या हातातून ओढूनच घेतल्या.

"दुसऱ्या बाळाचा विचार आहे आमचा. डॉक्टरांनी या वेळी जास्त ताकदीच्या दिल्यात. मी घेणार, आई. तुम्ही काही म्हणा."

माझ्यापासून लपवून घ्याव्या लागतात तिला. माझ्याच घरात.

आता मुलगा कामावरून येईल. त्याच्यासमोर, सीमासमोर सांगणार — गोळ्या मी फेकल्या, खोटं मी बोलले. बुधवारी अंगणवाडीत नव्या सुना येतात, त्यांच्या सासवाही येतात. तिथे उभी राहून हेच सांगणार, नातीला कडेवर घेऊन नाही, एकटीच.

सीमाकडे माफी मागणार नाही. मागितली तर ती देईल, मला ठाऊक आहे. तेवढंही ओझं तिच्यावर नको.