ग्रिन्योलीनोची उपटलेली बाग

संभाजीनगरातल्या एका हॉटेल मॅनेजमेंट कॉलेजात मी वाइन शिकवते. इटलीत द्राक्षांच्या शेकडो जाती आहेत, आपल्याकडे पोचतात त्यातल्या चार-पाच. बाकीच्यांची नावं नुसती पुस्तकातून सांगायचा वीट आला होता. म्हणून या सप्टेंबरात त्या प्यायलाच जायचं ठरवलं. सोबत आई. ती दारूला शिवत नाही. पण बाबा गेल्यापासून पैठणजवळच्या घरात एकटीच होती. "शेतंच बघायचीत ना? मग येते," म्हणाली.

मुंबईहून विमानाने मिलान, तिथून रेल्वेने आस्ती. पुढे मोन्फेराटो या द्राक्षबागांच्या प्रदेशातल्या टेकड्यांत बस कमी, रविवारी तर नाहीच म्हणा. गाडी भाड्याने घ्या. आंतरराष्ट्रीय परवाना आपल्या आरटीओतून काढून न्या. शाकाहारी जेवण मिळतं, फक्त बेचव वाटतं. आईने शेंगदाण्याची चटणी नेली होती म्हणून निभावलं.

पहिल्या दिवशी रुके. लाल वाइन, एका छोट्या पट्ट्यातच होते. आईने पेला नाकाशी नेला. "गुलकंदावानी वास येतोय की!" आणि न पिता माझ्याकडे सरकवला. इतकं नेमकं मी वर्गात कधी सांगितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ग्रिन्योलीनो. रंगाने फिकी, जिभेला चहाच्या चोथ्यासारखी तुरट, कारण या द्राक्षात बियाच फार. ती करणाऱ्या रेनाताबाई साठीच्या, एकट्याच राहणाऱ्या. चाखायची वेळ मी आधीच ठरवली होती. पोचलो तर दाराशी कुणी नाही आणि घरामागून यंत्राचा घरघराट. बऱ्याच वेळाने दार उघडलं. तुम्ही येणार हे विसरलेच, त्या मोडक्या इंग्रजीत म्हणाल्या. बागेला रोग लागलाय. पानं पिवळी पडतात, घड वाळतात. औषध नाही. शेजारच्या बागांना लागू नये म्हणून कायद्याने वेल उपटावेच लागतात. वडिलांनी लावलेली बाग आज निघत होती.

आम्ही निघतो म्हटलं, तर बसवून घेतलं. गेल्या वर्षीची बाटली उघडली, चीज कापलं. स्वतः मात्र खिडकीकडे पाठ करून बसल्या. यंत्राचा आवाज वाढला की हात थांबायचा.

"काय झालंय?" आईने विचारलं. मी सांगितलं.

आमचीही मोसंबीची बाग होती. दुष्काळात वाळली तेव्हा बाबांनी जेसीबी लावून काढली, लाकूड वीटभट्टीला गेलं. त्या दिवशी आई कडी लावून आत बसली होती. नंतर त्याबद्दल ती कधी बोलली नाही. इथं बोलली.

"तिला सांग, जाऊन बघ म्हणावं. मी नाय गेले. त्यो आवाज आजून कानात हाय. बघितलं असतं तर संपलं असतं."

मी भाषांतर केलं. रेनाताबाईंनी आईकडे पाहिलं. मग उठल्या, अंगावर कोट चढवला आणि बाहेर गेल्या. आम्ही मागोमाग.

अर्धी बाग उताणी पडली होती. मुळं वर, त्यांना ओली माती. काही वेलांवर घड तसेच होते. रेनाताबाई पुढे धावल्या, पडलेला एक वेल दोन्ही हातांनी उभा करू लागल्या. चालकाने यंत्र थांबवलं. त्या मातीत बसल्या आणि ओरडून रडल्या. आईने जवळ जाऊन खांद्यावर हात ठेवला, तो त्यांनी झिडकारला. "प्लीज, गो," माझ्याकडे न बघता म्हणाल्या. चाखण्याचे पैसे टेबलावर ठेवून आम्ही निघालो. 

त्यापुढे अजून तीन गावं केली. फ्रेइझा ही लाल वाइन चाखली, तिमोरासो नावाची सुंदर पांढरी वाइन चाखली. टिपणं आहेत माझ्याकडे, पण चव म्हणाल तर आठवत नाही.

परत आल्यावर मी रेनाताबाईंना दोन मेल केले. उत्तर नाही. त्यांचं संकेतस्थळही आता उघडत नाही. म्हणून इथं पत्ता देत नाही.

परवा पैठणला गेले तर आईने भाकरी थापता थापता विचारलं, "त्या बाईचं काही कळलं?"

"नाही. आई, बाग तशीही जाणारच होती."

"बाग जाणारच व्हती," ती म्हणाली. "पर ती बाई घरात बसली व्हती ना. मीच तिला भाईर धाडलं."