तोंडात धरलेला घोट

परळच्या ज्या चाळीत राजरत्न राहतो, तिथे गेल्या कित्येक वर्षांत एकही कार्यक्रम शांततेत पार पडलेला नाही. म्हणजे तिथे भांडणं होतात असं नव्हे. माइक राजरत्नकडे असतो, एवढंच.

जयंती असो, लग्न असो, नाहीतर कुणा गेलेल्या माणसाचं पुण्यानुमोदन, सूत्रसंचालन त्याचंच. वक्ता अडखळला की पुढचा शब्द राजरत्न पुरवतो; नाही अडखळला तरी पुरवतो. श्रद्धांजलीचं दोन मिनिटांचं मौन त्याच्या हाती आलं की लवकर आटोपतं, कारण 'सर्वांनी कृपया बसून घ्यावं' हे वाक्य त्याच्या जिभेवर आधीपासून तयार असतं. नोकरीही त्याला साजेशी मिळाली. गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या काचेच्या इमारतीत, एका विमा कंपनीच्या तक्रार विभागात तो टीम लीडर आहे. फोनवर शांतता पसरणं हा तिथे गुन्हा धरतात. त्याला 'डेड एअर' म्हणतात आणि ती कशी टाळावी हे राजरत्न नव्या पोरांना शिकवतो. ग्राहकाचं वाक्य पुरं व्हायच्या आत त्याची तक्रार ओळखणं ही त्याची खासियत. बहुतेक वेळा त्याचा अंदाज बरोबर निघतो. खरी गोम तिथेच आहे.

त्याच्या वडिलांना, शामरावांना, गेल्या वर्षी अर्धांगाचा झटका आला. हातपाय हळूहळू ताळ्यावर आले, बोलणं मागे राहिलं. 'चहा' म्हणायचं तरी कपाळावर घाम यायचा. पण विहारातली रविवारची वंदना तरुणपणापासून शामरावच घ्यायचे आणि ती मात्र झटक्यानंतरही पहिल्यापासून शेवटपर्यंत घडाघडा येत होती. यावरून चाळीत दोन तट पडले. काही जण म्हणाले, हा चमत्कार आहे. पण चमत्कार मानायचा नाही हे सगळ्यांना लहानपणीच शिकवलेलं, त्यामुळे तो तट लवकर फुटला. उरलेल्यांचं म्हणणं असं की म्हातारा मिजासखोर झालाय. एवढी वंदना येते, तर जिन्यात 'जय भीम'ला उत्तर द्यायला काय होतं?

हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपीच्या मॅडमनी राजरत्नला याचा उलगडा करून सांगितला होता. पाठ असलेलं आपोआप बाहेर पडतं, स्वतःचं वाक्य मात्र शोधून जुळवावं लागतं. तेव्हा त्यांना वेळ द्या, शब्द त्यांच्या तोंडात घालू नका. घातलेत तर ते शोधायचं सोडून देतील, आणि मग आहे तेही जाईल. मॅडम हे सांगत होत्या तेव्हा त्यांची दोनेक वाक्यं राजरत्नने पुरी केली.

एका सकाळी चहा पिता पिता शामराव म्हणाले, "राजू... वंदना... मला आता..." आणि थांबले.

"सोडायचीय?"

शामरावांनी मान हलवली. ती उभी हलली की आडवी, हे बघायला क्षणभर थांबावं लागतं. राजरत्न थांबला नाही. बरोबर आहे बाबा, म्हणाला, आता झेपत नाही, गंगाधरकाका घेतील. शामरावांनी पुन्हा तोंड उघडलं, मिटलं, आणि बशीतला चहा संपवला.

पुढच्याच रविवारी विहारात सत्कार झाला. शाल, पुष्पगुच्छ, बॅनरवर शामरावांचा लग्नातला फोटो. 'बाबांनी स्वतःहून घेतलेल्या निर्णयाबद्दल' राजरत्न इतकं सुंदर बोलला की बायकांनी पदर डोळ्यांना लावले. सत्कारमूर्तींनी दोन शब्द बोलायचे अशी पद्धत आहे. तेही त्यांच्या वतीने त्यानेच बोलून टाकले. शामराव उकाड्यात शाल पांघरून, दुसऱ्याच कुणाच्या कार्यक्रमाला आल्यासारखे बसून होते.

त्या दिवसापासून ते बोलेनासे झाले. चहा हवा असला की बोट, नको असला की तळहात. रविवारी विहारात जायचं नाव नाही. थेरपीला नेलं तर मॅडमसमोरही ओठ घट्ट. मॅडमनी राजरत्नला बाहेर बोलावून सांगितलं की हे असंच चाललं तर पुढे माझ्याही हातात फारसं राहणार नाही.

घरी आल्यावर आईने, कौसल्याबाईंनी, शालीची घडी घालता घालता त्याला सुनावलं.

"जिवंत माणसाचं पुण्यानुमोदन केलंस रे. नको म्हणत होते ते. मला ओट्यापाशी उभं राहून दिसलं, तुला समोर बसून दिसलं नाही."

मग तेव्हाच का नाही बोललीस, असं त्याने विचारलं.

"तू बोलू देशील तर."

त्याच आठवड्यात कंपनीने कर्मचाऱ्यांसाठी माइंडफुलनेसचं सत्र ठेवलं. शिकवायला आलेल्या गृहस्थांनी इंग्रजीत सांगितलं की ही विद्या पूर्वेकडच्या एका प्राचीन परंपरेतून आलेली आहे. त्या परंपरेचे संस्थापक राजरत्नच्या घरी टीव्हीच्या वर फ्रेममध्ये डोळे मिटून बसलेले आहेत. पण त्याने हात वर केला नाही, मनच नव्हतं. डोळे मिटा, श्वासाकडे बघा, मनात जे उठेल त्याच्यामागे धावू नका, असं सांगण्यात आलं. राजरत्नने डोळे मिटले. खोली गप्प झाली आणि त्याच्या छातीत काहीतरी धडपडत उठलं. शांतता पसरली की हे नेहमीच उठत असणार, आणि ते खाली बसवायलाच आपण बोलत असणार, असं त्याला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं.

आता हे इतकं मोलाचं वाटल्यावर ते स्वतःपाशी ठेवणं त्याच्या स्वभावात नव्हतं. घरी येऊन त्याने वडिलांना मौनाचं महत्त्व जेवण होईपर्यंत समजावून सांगितलं. शामरावांचे डोळे मिटलेले पाहून त्याला भरून आलं. मग ते घोरायला लागले.

शेवटी उपाय निघाला तो कौसल्याबाईंच्या ओट्यावरून. त्यांनी पाण्याचा तांब्या आणून बापलेकांच्या मध्ये ठेवला. "ते तोंड उघडतील तेव्हा तू एक घोट तोंडात घ्यायचास. आणि गिळायचा नाही."

पहिल्यांदा तो लगेच गिळून बोलला. दुसऱ्यांदा ठसका लागून सगळं पाणी पेपरवर गेलं. हळूहळू जमायला लागलं. तोंड बंद असलं की नाकाने श्वास घ्यावाच लागतो, आणि दुसरं काही करण्यासारखं नसलं की तो आत-बाहेर होताना जाणवतोच. पाणी जिभेवर गार असतं, मग कोमट होतं. छातीतली धडपड उठते, पाण्याला अडून परत जाते. समोर गाल फुगवून बसलेला आपला टीम लीडर मुलगा बघून शामराव एकदा हसले. बऱ्याच दिवसांत त्यांच्या घशातून निघालेला तो पहिला आवाज. पुढे त्यांनीच खूण काढली. काही बोलायचं असलं की ते तांब्या राजरत्नकडे सरकवायचे.

सुट्टीच्या एका सकाळी त्यांनी तो सरकवला.

"वंदना..." म्हणाले, आणि अडले. राजरत्नच्या तोंडातलं पाणी कोमट झालं. शेजारच्या कुकरची शिट्टी झाली, मग आणखी एक.

"सोडायची... नाही." कपाळावर घाम. "ती... आपोआप येते. मी... नसतो... त्यात." मग इतका वेळ काहीच नाही की कौसल्याबाई ओट्यापासून वळून बघायला लागल्या. "मला... हळू... म्हणायचीय. एकेक... शब्द."

राजरत्नने घोट गिळला. मग तांब्या पुन्हा भरून आणला आणि दोघांच्या मध्ये ठेवला.

सत्कार परत घेण्याची आपल्याकडे पद्धत नाही. त्यामुळे पुढच्या रविवारी त्याने माइक हातात घेतला तेव्हा त्याच्याजवळ तयार असं एकही वाक्य नव्हतं. मागे इथे मी बाबांचं म्हणून जे सांगितलं ते माझं होतं, बाबांचं नव्हतं, एवढं सांगून त्याने माइक शामरावांपुढे धरला. गंगाधरकाका तर मोकळेच झाले. रविवारी पहाटे उठून अंघोळ करणं त्यांना जड जात होतं.

लोक हात जोडून उभे राहिले. शामरावांनी एकेक शब्द उचलून, बघून, खाली ठेवल्यासारखी वंदना सुरू केली. एरवी यायला लागलं की ओघात निघून जाणारं सगळं, हळू म्हणायला घेतल्यावर जागोजागी अडायला लागलं. मागे चुळबुळ झाली, एकाने मोबाइल काढला. आणि पंचशीलातल्या चौथ्या, खोटं न बोलण्याच्या शीलावर शामराव पूर्ण थांबले.

पुढचा शब्द तिथल्या शेंबड्या पोरालाही येत होता. गंगाधरकाकांचे ओठ उघडले. राजरत्नने तळहात वर केला. त्याचे गाल फुगलेले होते. सगळं विहार त्या एका शब्दाशी खोळंबून उभं राहिलं, आणि शामराव तो शोधत राहिले. त्यांना तो सापडला. त्यांनी तो नीट उच्चारला, स्वतःच्याच कानांनी ऐकला आणि पाचव्याकडे वळले.

वंदना संपली. लोक सवयीने राजरत्नकडे बघायला लागले, 'कृपया बसून घ्यावं' ऐकायला. त्याच्या तोंडात पाणी होतं. थोडा वेळ वाट बघून ते आपले आपण बसले.