सव्वीस गुण

हे आजवर कुणापाशी बोलले नाही. नवऱ्याला माहीत नाही, सख्ख्या बहिणीला माहीत नाही. देवापुढे हात जोडले आणि हा विषय मनात आला, की मी घाईघाईनं आरतीचं ताट उचलते. आता लिहायला बसले तर दोनदा उठून गॅस बंद आहे का ते पाहून आले. बंदच होता.

जेवणापासून सुरुवात करते. जेवणाबद्दल बोलायला मला कधी अडचण नसते — नातेवाइकांत माझी ख्यातीच आहे तशी. कुणाच्या पाटवडीत बेसन कच्चं राहिलं, कुणाचा रस्सा पाणचट झाला, हे मी पंगतीतच सांगून मोकळी होते. बायका मला वचकून असतात. मला ते आवडतं — का नाही म्हणू?

आम्ही आंधळगावचे. घरात पिढ्यांपासून हातमाग, टसरच्या साड्या विणतो. भंडाऱ्याला छोटं दुकान आहे, ते आमचा एकुलता एक निखिल बघतो. सहा वर्षांपूर्वी तो एकोणतीसचा होता आणि सिहोऱ्याहून त्याला एक स्थळ आलं. धानाचा व्यापार करणारं घर, मुलगी पल्लवी, भंडाऱ्यात एका पतसंस्थेत नोकरीला. तिनं निरोप धाडला होता — कांदेपोह्यांचा कार्यक्रम नको, दोन्ही घरं मिळून बाहेर जेवू. निखिलनं जागा ठरवली. मोबाइलच्या दुकानाच्या वर नवंच उघडलेलं एक मेक्सिकन हॉटेल. पाच-सहा टेबलं, भिंतीवर रंगवलेली भलीमोठी टोपी आणि निवडुंग.

मी घरी विणलेली करवती काठाची साडी नेसून गेले होते. आणि जेवण — काय सांगू? टाको म्हणून आला तो दुमडलेला गार पापड. आत गोडसर राजमा आणि कच्ची पत्ताकोबी. सोबत टमाट्यात लडबडलेला भाताचा गोळा. भंडाऱ्यात, जिथं पोरंसोरं वासावरून तांदूळ ओळखतात, तिथं असा भात वाढायची हिंमत होते कशी? पहिल्याच घासाला तो पापड मोडला आणि राजमा माझ्या मांडीवर, साडीवर सांडला.

एरवी मी मालकाला बोलावून चार गोष्टी सुनावल्या असत्या. पण मुलगी नोकरीवाली, बाहेरचं खाणारी. आपण गावंढळ दिसू नये — एवढंच डोक्यात. म्हणून मी पदरानं डाग झाकला आणि म्हटलं, वा, मस्त आहे, आम्ही नागपूरला गेलो की हेच खातो. धडधडीत खोटं.

पल्लवी माझ्याकडे बघत होती. मग हसली आणि म्हणाली, "काकू, काहून खोटं बोलता? तुम्हाले नाही आवडलं ना? मले बी नाही आवडलं."

सगळे हसले. आमचे हे, जे दिवसभर मागावर बसून दहा शब्द बोलत नाहीत, तेही हसले. आणि निखिल तर डोळ्यांत पाणी येईपर्यंत. तो माझ्याजवळ असा कधी हसला होता? मला आठवेना. पल्लवी उठली, रुमाल ओला करून माझ्यापाशी बसली आणि साडीवरचा डाग अलगद टिपू लागली. त्या हसण्यात कुजकेपणा नव्हता, हे मला तेव्हाच कळलं होतं. ती माझ्यासारखीच होती — जिभेवर येईल ते बोलणारी. फक्त तिच्या बोलण्यानं माणसं हसत होती, आणि माझ्या बोलण्यानं गप्प होतात.

मी उठून हात धुवायला गेले. आरशात बघितलं. मी चिडले होते. एवढ्याशा गोष्टीवर? हो, एवढ्याशाच.

सांगायचं ते अजून सांगितलंच नाही. पुढंपुढं ढकलत होते, तुमच्या लक्षात आलं असेल.

पत्रिका दाखवायचं काम माझ्याकडे होतं. तीन दिवसांनी मी एकटीच पत्रिका बघणाऱ्या महाराजांकडे गेले. त्यांनी मांडणी केली, बोटं मोजली, खुशीनं मान हलवली. छत्तीसपैकी सव्वीस गुण. कसलाच दोष नाही. बार उडवून द्या, म्हणाले. मी दक्षिणा ठेवली, एसटीत बसले आणि आंधळगाव येईपर्यंत ठरवून टाकलं.

घरी आल्यावर सांगितलं — मृत्युषडाष्टक आहे. नवऱ्या मुलाच्या जिवाला धोका.

एक नाडी म्हटलं असतं, तर कुणी तोडगा काढला असता. कमी गुण म्हटलं असतं, तर निखिलनं वाद घातला असता. मी नेमका असा शब्द निवडला, की त्यापुढं कुणी तोंडच उघडू नये. तरी निखिल म्हणाला, मी हे मानत नाही. तेव्हा मी रडले. तुला काही झालं तर मी कुणाकडे बघायचं, असं म्हणाले. ते रडणं खरं होतं की खोटं? मला आजही सांगता येत नाही. तो दोन दिवस जेवला नाही, तिसऱ्या दिवशी बरं म्हणाला.

पल्लवीच्या वडिलांचा फोन आला. वहिनी, आमच्याकडच्या महाराजांनी तर चांगली जुळते म्हटलं, असं अगदी नरमाईनं म्हणाले. मी म्हटलं, आमच्या महाराजांनी नाही म्हटलं. फोन ठेवला. आणि मग, समाजातल्या बायकांनी विचारलं तेव्हा, मी तोच शब्द पुन्हा पुन्हा उच्चारला. पत्रिका दोघांची मिळून बघतात, पण लोक बोलतात एकटीबद्दल. पोरीच्या पत्रिकेत काहीतरी आहे, असं आंधळगावापासून सिहोऱ्यापर्यंत झालं. तिचं लग्न जमायला तीन वर्षं गेली. ती तीन वर्षं माझ्यामुळे गेली. आता ती नागपूरला असते, असं ऐकते.

निखिलनं त्यानंतर एकही मुलगी बघितली नाही. विचारलं की म्हणतो, पाहू नं आई, घाई कायची?

गेल्या हिवाळ्यात साकोली रोडवर त्याच्या मोटारसायकलला ट्रकनं उडवलं. पाय मोडला, डोक्याला मार. दोन दिवस शुद्ध नव्हती. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यानं डोळे उघडले. खोलीत आम्ही दोघंच. आधी त्यानं पाणी मागितलं. मग माझा हात धरला.

"आई, तू तेव्हा पत्रिका पाहिली ते बरं झालं," तो म्हणाला. "आज पल्लवी घरात असती, त लोकायनं तिलेच पांढऱ्या पायाची म्हटलं असतं. वाचली बिचारी."

इतक्या वर्षांनी, मोडलेल्या हाडांनिशी, त्याला काळजी तिची. आणि माझे आभार मानत होता. तेव्हा सांगता आलं असतं. कुणी ऐकायला नव्हतं, दार लोटलेलं होतं, त्याचा हात माझ्या हातात होता.

मी म्हटलं, "हो बेटा." आणि त्याच्यासाठी मोसंबी सोलायला घेतली.