शेवटचा आठ

माझ्या धाकट्या बहिणीचा नवा मोबाइल आठ दिवस माझ्या उजव्या अंगठ्यानं उघडत होता, आणि ते आठ दिवस माझ्या आयुष्यातले सगळ्यात सुखाचे होते.

वर्षा चिनी भाषा शिकायला चीनला निघाली होती. वर्षभराची शिष्यवृत्ती, राहणं-खाणं सगळं त्यातच. आष्टीत ही बातमी पसरल्यापासून लोक मला अडवून तिचीच चौकशी करायचे. बत्तीस वर्षांचा माणूस, स्वतःचं बियाण्यांचं दुकान, आणि गावात ओळख काय, तर वर्षाचा भाऊ! मला जळफळाट होत होता, हे आधीच कबूल करून टाकतो. त्याला कारणही होतं. शिष्यवृत्तीची जाहिरात मी शोधली होती. तिचा फॉर्म मी भरला होता. आणि तो भरून झाल्यावर, आजूबाजूला कुणी नाही असं बघून, त्याच बैठकीत माझाही भरला होता. परीक्षेच्या दिवशी ‘वर्षाला सोडायला’ म्हणून संभाजीनगरला गेलो. ती पहिल्या मजल्यावर पेपर लिहीत होती, मी दुसऱ्यावर. बाहेर आल्यावर तिनं विचारलं, कुठं होतास, तर सांगितलं, चहा पीत होतो. पुढं ती पास झाली आणि माझा चहा वाया गेला. घरात याचा कुणाला पत्ता नव्हता, आणि तो लागू द्यायचा नाही, एवढीच माझी इच्छा होती.

तर तिला नवा फोन घ्यायचा ठरला. (माझ्या फोनची काच दोन वर्षांपासून तडकलेली आहे. पण मी चीनला जात नव्हतो.) वडलांना आम्ही आबा म्हणतो. आबा, वर्षा आणि मी जालन्याला गेलो. आमच्या घराण्यात पिढ्यान्‌पिढ्या मेंढरं राखलेली. पुढं शेती आली, दुकान आलं, पण आबांची नजर अजून मेंढरं पारखणाऱ्याचीच आहे. दुकानदार कॅमेऱ्याचे गुण गात होता आणि आबा एकेक फोन तळहातावर जोखून, उलटा करून, पाठीवरून हात फिरवून खाली ठेवत होते. एका चपट्या फोनबद्दल म्हणाले, याच्या अंगावर मांसच नाही, तिकडच्या थंडीत टिकायचा नाही. दुसऱ्याबद्दल विचारलं, हा खातो किती? दुकानदारानं बिचाऱ्यानं चार्जिंगचा वेळ सांगितला. मी आपला मोठ्या मनानं सुचवत होतो की शिकायलाच जायचंय तर साधा बरा. कुणी ऐकलं नाही. आबांनी दुकानातला सगळ्यात गुबगुबीत, सगळ्यात महाग फोन उचलला.

दुकानदारानं तो तिथंच सुरू केला. फोननं बोट मागितलं. वर्षानं हात पुढं केला, तेवढ्यात आबांनी तिचं मनगट धरलं.

“थांब. आपल्यात नवं जितराब आधी थोरल्याच्या हाताखालून जातं.”

हे खरं आहे. बाजारातून मेंढरू आणलं की घरातल्या थोरल्या मुलानं त्याच्या कपाळाला अंगठ्यानं भंडारा लावायचा, मग ते वाड्यात घ्यायचं. आबांनी खिशातून भंडाऱ्याची पुडी काढली. मी अंगठा हळदीत बुडवला आणि फोनवर टेकवला. फोननं हळद नाकारली. दुकानदारानं काच पुसली, मी अंगठा पुसला, आणि पुन्हा टेकवल्यावर फोन बिनबोभाट माझा झाला. मग त्यानं सहा आकडी नंबर मागितला. घाईत मला एकच सहा आकडी नंबर आठवला, माझा परीक्षेचा. तोच टाकला.

त्यानंतरचे आठ दिवस काय सांगू! वर्षा फोन दोन्ही हातांत धरून माझ्यापुढं उभी राहायची, “दादा, अंगठा.” मी जेवत असलो की म्हणायचो, हात धुऊ दे. दुकानात असलो की म्हणायचो, गिऱ्हाईक जाऊ दे. माझं बोट कधी टाकतोस, असं तिनं विचारलं की मी सांगायचो, आधी सेटिंग नीट बसू दे, निघताना करून देतो. मोबाइलमधलं घरात मलाच कळतं अशी ख्याती असल्यानं तिनं विश्वास ठेवला. चीनला ती निघाली होती, पण तिच्या फोनची किल्ली माझ्या हातात होती.

विमानतळावर दारापाशी तिचं बोट टाकायचं, असं मी खरंच ठरवलं होतं. पण आई रडायला लागली, मग आबा, आणि सगळ्यात जास्त मी. मला वाटत होतं मी जळून रडतोय. तसं नव्हतं. मला ती जायला नको होती. या गडबडीत अंगठा राहून गेला. आबांनी तिकिटाचे कागद पिशवीत घालून दिले होते, त्यामुळं आत जाईपर्यंत तिलाही फोन उघडायची गरज पडली नाही.

आमची गाडी परतीला लागली आणि आबांचा फोन वाजला. आबा फोन कायम स्पीकरवरच घेतात.

“आबा, मी एका मावशीच्या फोनवरून बोलून राह्यले. माझा फोन उघडंना. हॉस्टेलचा पत्ता, घ्यायला येणाऱ्या मॅडमचा नंबर, समदं त्यातच हाय. अर्ध्या घंट्यात इमानात बसायचंय.”

आबांनी वळून माझ्या हाताकडं बघितलं. “आंगठा तं हितं गाडीत बसलाय.”

मी म्हणालो, नंबर मेसेज करतो. आबा म्हणाले, “मावशीचा फोन वापस द्यायचाय. तोंडानं सांग, जल्दी.”

मी सांगितला. दोन, शून्य, चार, एक, एक, आठ. पलीकडं फोन उघडल्याचं तिनं सांगितलं. मग तेच आकडे तिनं पुन्हा पुटपुटले.

“दादा, माझा परीक्षेचा नंबर असाच होता. निस्ता शेवटी सात. मंग तीन घंटे चहा पेत होतास?”

तेवढ्यात फोन कट झाला, मावशीनं परत घेतला असावा. मग आई हळूच म्हणाली, “आरं, आधी सांगितलं असतं तं पेपराला निघताना तुझ्या बी हातावर दही-साखर ठिवली असती.”

आता वर्षाचा फोन तिच्याच बोटानं उघडतो. माझा तोच तडकलेला आहे, फक्त तो उघडायचा नंबर मी बदलला. तिचा परीक्षेचा टाकला, शेवटी सातवाला. पास झालेला नंबर आहे. चीन नाही तर नाही, निदान फोन तरी उघडतो.