सरांच्या लॅपटॉपला एक नंबर

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं, आणि मी चढून शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये एकदा नापासही झालो होतो. या वेळीही झालो तर नागभीडजवळच्या आमच्या गावी येऊन धानाच्या बांधीत उतरायचं, असं बाबांनी अगदी शांतपणे सांगून ठेवलं होतं. ते ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

प्रोजेक्ट असा: लिनक्सच्या एका संगणकानं ब्लूटूथवर, तारेशिवाय, छोटं नेटवर्क चालवायचं, जो जोडला जाईल त्याला आपोआप एक पत्ता द्यायचा. पत्ता म्हणजे आकडे, त्यातला फक्त शेवटचा वेगळा. आमच्या संगणकाचा स्वतःचा पहिला नंबर, म्हणजे एक. बाकीच्यांना दहापासून पुढे, येईल त्या क्रमानं.

माझ्या जोडीला चंद्रपुरातल्या एका घड्याळवाल्या चाचांची मुलगी होती. तिला सगळं माझ्याआधी समजायचं आणि ते ती लपवत नसे.

परीक्षेच्या आदल्या दिवशी माझ्या मनात आलं, विभागप्रमुख सरांच्या लॅपटॉपला सोळा-सतरा असा कुठलाही नंबर मिळाला तर कसं दिसेल? आमच्याकडे पंगतीत पहिली पत्रावळ मोठ्या माणसाची. तिला न विचारता मी सेटिंगच्या फाईलमध्ये एक ओळ घातली: सरांच्या लॅपटॉपला कायम एक नंबर. वर छान वाटलं.

दुसऱ्या दिवशी नागपूरहून आलेल्या परीक्षकांसमोर सरांनी लॅपटॉप जोडला. स्क्रीनवर सूचना आली: हा पत्ता आधीच दुसऱ्याकडे आहे.

"कोणाकडे?" सरांनी माझ्याकडे पाहिलं.

तिनं फाईल उघडली. मग हळू आवाजात, "सरले एक नंबर कोनं देला?"

"मी."

"काऊन?"

"मोठे आहेत म्हणून."

"पागल आहेस का बे? एक नंबर तं आपल्या मशीनचा! पाहुण्याले वाढणाऱ्याच्या मांडीवर बसवून राह्यला तू."

हे परीक्षकांनाही ऐकू गेलं. मी घाईघाईनं ती ओळ पुसली, पत्ते वाटणारा प्रोग्राम पुन्हा सुरू केला. तेवढ्यात कंटाळून परीक्षकांनी स्वतःचाच लॅपटॉप जोडला. त्यांना दहा मिळाला. मागोमाग सरांना अकरा.

"चूक कशी झाली?" परीक्षकांनी विचारलं. मी पत्रावळीसकट सगळं सांगितलं. खोटं सुचलंच नाही.

ते हसले आणि वहीत काहीतरी लिहिलं. सर मात्र स्क्रीनकडे पाहत होते. "आधी बाहेरचे साहेब, मग मी," ते म्हणाले. "बरोबर आहे. पोरांनी मान राखला."

बाहेर व्हरांड्यात ती म्हणाली, "पास झालो वाटते. पन सरले सांगू नको, ते नशिबानं अकरा झाले."

आम्ही पास झालो. मी सरांना अजून सांगितलेलं नाही.