बहिणीच्या होणाऱ्या सासऱ्यांना मी वाचवलं

चहा ओता आधी, मग सांगतो. हसायचं तर खुशाल हसा, फक्त माझ्याकडे बघून हसू नका. इतकी वर्षं झाली, तरी तो दिवस आठवला की अजून कान गरम होतात माझे!

मोबाइलला बटणं होती तेव्हाची गोष्ट. आम्ही मूळचे कोन गावचे, पण बाबांनी नवीन पनवेलला फ्लॅट घेतला आणि मी झालो सेक्टरवाला. म्हणजे काय, तर बाबा गावच्या तळ्यात म्हशींबरोबर फुकट पोहायला शिकले आणि मी तिशी गाठल्यावर क्लास लावून! मे महिन्यातली बारा दिवसांची बॅच, संध्याकाळी साडेपाचची.

त्या वर्षीचा मे कसला विचित्र! दिवसभर टाळू भाजणारं ऊन, आणि आम्ही कपडे बदलून पूलच्या काठावर उभे राहिलो की आभाळ गडगडलंच. वीज चमकली की सर शिट्टी मारायचे, सगळे बाहेर. बारातले सात दिवस आम्ही पत्र्याच्या शेडखाली टॉवेल गुंडाळून बसलो. मग सर तरी काय करणार? बुडणाऱ्याला कसं वाचवायचं ते शिकवायला लागले. प्लास्टिकच्या खुर्चीवर!

"मागून जायचं. हनुवटी धरायची. बुडणारा लाथा मारतो, शिव्या देतो. काही झालं तरी सोडायचं नाही!"

मी ती खुर्ची इतकी झकास वाचवली की सरांनी सगळ्यांना टाळ्या वाजवायला लावल्या. शेवटी सर्टिफिकेट सगळ्यांनाच मिळालं. मी माझं लॅमिनेट करून घेतलं. हो, घेतलं! खोटं कशाला बोलू?

त्यानंतरच्याच रविवारी आम्ही उरणकडे निघालो, मुलाचं घर बघायला. माझी धाकटी बहीण संगीता, तिच्यासाठी नितेशचं स्थळ आलं होतं. तिला मुलगा मनापासून आवडला होता. अडलं होतं फक्त नितेशच्या वडिलांच्या शब्दावर. हिराजीनाना त्यांचं नाव. जुने मिठागरवाले, बोलायला कमी, आणि घरात त्यांच्या होकाराशिवाय पान हलत नाही. गाडीत संगीता मला म्हणाली, "दादा, आज फक्त गप्प बस. माझ्यासाठी. प्लीज."

मी म्हणालो, "मी काय करतो गं?"

पोचलो तर नितेशची आई म्हणाली, "नाना दर्यावर आंगोलीला गेल्यान. या बघून दर्या, तवर भाकऱ्या होतान." किनारा घराच्या मागेच. बाबा, संगीता आणि मी गेलो.

ऊन लख्ख होतं. नाना समुद्रात उताणे तरंगत होते. हात पसरलेले, डोळे मिटलेले, तोंड उघडं. बघता बघता वारा सुटला, करंजा बंदराच्या बाजूनं आभाळ काळं झालं, लाटा उठायला लागल्या. नाना मात्र ढिम्म! हात हलेना, पाय हलेना.

"नाना! ओ नाना!" मी ओरडलो. उत्तर नाही.

बाबा म्हणाले, "अरे, कान पाण्यात आहेत त्यांचे. निवांत पडलेत. बस खाली."

आता मी काय बसतोय? खरं सांगू का, मला नानांची काळजी कमी आणि माझी हौस जास्त. मुलाच्या बापाचा जीव वाचवला की लग्न ठरलंच ना! संगीतानं शर्ट धरला होता. तो सोडवून मी पँटसकट, मोबाइलसकट पाण्यात घुसलो.

पाणी छातीएवढं होतं. मागून गेलो, हनुवटी पकडली, आणि मारला हिसका.

नाना दचकले, भसकन पाणी गिळलं आणि लाथ मारली ती थेट माझ्या पोटात. "आरं सोर! सोर मना! कोन हाय तू, भडव्या?"

लाथ आली, शिवी आली. सगळं सरांनी सांगितल्याप्रमाणे! माझी खात्रीच पटली. मी आणखी घट्ट आवळलं. "घाबरू नका नाना, मी आहे!"

त्या झटापटीत त्यांची कवळी निसटली. वरची आणि खालची, दोन्ही. गेली अरबी समुद्रात!

तेवढ्यात मोठी लाट आली आणि माझे पाय सुटले. मी सवयीनं हात लांब केला. पूलला कसा, कुठेही हात टाकला तरी काठाचा पाइप असतो. इथं कुठला पाइप? हाताला लागला नानांचा गळा. मग मी पण सोडायला तयार नाही! शेवटी सत्तरीतल्या त्या म्हाताऱ्यानं माझी कॉलर धरली आणि मला फरफटत वाळूवर आणून टाकलं.

पाऊस सुरू झाला होता. तरी अर्धं गाव जमलं. एक आजी माझं पोट दाबत म्हणाल्या, "पव्हता येत नाय त कशाला जावाचा रं दर्यान?" बाबांनी मान फिरवली. संगीताचे डोळे भरले होते, आणि पावसाचं पाणी कुठलं नि डोळ्यातलं कुठलं ते मला चांगलं कळत होतं. आयुष्यात इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

जेवायला बसलो. मी नितेशच्या लुंगीत. ताटात तळलेली सुरमई, तांदळाची भाकरी, कोळंबीचं कालवण. आणि यजमान नाना समोर बसून भात कुस्करतायत. त्यांना दुसरं काही चावेना. माझ्या ताटातली सुरमई माझ्याकडे बघत होती. "नाना, माझं चुकलं," एवढं कसंबसं म्हणालो. त्यांनी भातावर आणखी कालवण ओतलं.

हात धुऊन सगळे ओटीवर बसले. बाबांनी घसा खाकरून विचारलं, "मग नाना… आमी काय समजायचं?"

नानांनी संगीताकडे पाहिलं. मग बोळक्या तोंडानं एकेक शब्द सांभाळत म्हणाले, "पोरगी पसंत हाय. पन लगीन ह्याच म्हयन्यान उरकू. पोरीला त्या घरान जास्त दिस ठेवाची नाय."

"का हो नाना?" बाबा घाबरलेच.

नानांनी माझ्याकडे बोट केलं. "एकांद दिस ह्यो तिला पन वाचवील!"